मामाची मांडी आणि बापाची सही

मध्य प्रदेशात सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी असलेल्या पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांत जन्मलेले मूल शाळेच्या पायरीवर पोहोचेपर्यंत त्याच्या नावाभोवती सरकारी कागदांची एक चळत जमलेली असते: गर्भारपणातच आईच्या हाती पडणारे माता-बाल सुरक्षा कार्ड, रुग्णालयातल्या प्रसूतीनंतरची जननी सुरक्षा योजनेची नोंद, जन्माचा दाखला, पहिल्या मुलाच्या वेळी आईला पाच हजार रुपये देणाऱ्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा अर्ज, आणि मुलगी असली तर २००७ पासून राज्यात सुरू असलेल्या लाडली लक्ष्मी योजनेचे प्रमाणपत्र. यांतल्या बहुतेक कागदांवर वडिलांचे नाव असते, कुठे कुठे सहीही असते. मात्र त्या मुलासाठी वडिलांनी स्वतः काय करायचे आहे, हे त्यांतला एकही कागद ठळकपणे सांगत नाही. योजनांच्या भाषेत ज्याला ‘लाभार्थी’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या खात्यात पैसे जातात, ज्याला बैठकीला बोलावले जाते आणि ज्याच्याशी कार्यकर्ती बोलते, ती व्यक्ती आई असते, आणि वडील हे आईची ओळख पटवणारा पुरावा म्हणून कागदाच्या एका रकान्यात राहतात.

पैसा आईच्या हाती द्यावा हा निर्णय योग्यच होता, कारण तो पोराच्या ताटापर्यंत पोहोचण्याची शक्यता त्यामुळे वाढते आणि घरात तिच्या शब्दाला वजन येते. मातृवंदना योजनेच्या सुधारित नियमांत पतीच्या आधार कार्डाची सक्ती काढून टाकली गेली, तीही टाकलेल्या आणि एकट्या स्त्रियांसाठी अत्यावश्यक सुधारणा होती. पण त्याच सुधारणेने एक गोष्ट उघड केली, ती अशी की त्या योजनेत वडिलांचे जे काही स्थान होते ते त्या कार्डाएवढेच होते, आणि कार्ड वगळल्यावर वडिलांसाठी तिथे काहीच उरले नाही. वडिलांना मुलांच्या जवळ आणणारा सामाजिक कार्यक्रम म्हणजे आईकडून काही काढून त्यांना देणे नव्हे. जे काम आज तिच्या एकटीच्या अंगावर आहे, त्यातला वाटा उचलायला त्यांना शिकवणे, बोलावणे आणि त्यासाठी वेळ मिळवून देणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

‘सहभाग’ हा शब्द सैलपणे वापरला जातो, म्हणून त्याची फोड करणे गरजेचे आहे. विकासमानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम यांनी १९७५ साली, वडील हे बालविकासातले विस्मृतीत गेलेले भागीदार आहेत, अशी मांडणी केली, आणि पुढे १९८०च्या दशकात सहकाऱ्यांसोबत वडिलांच्या सहभागाचे तीन पदर वेगळे केले. पहिला पदर प्रत्यक्ष सहवासाचा, म्हणजे मुलाला खेळवणे, भरवणे, न्हाऊ घालणे. दुसरा उपलब्धतेचा, म्हणजे आपले काम करत असतानाही मुलाच्या हाकेच्या अंतरावर असणे. आणि तिसरा जबाबदारीचा, म्हणजे मुलाला काय हवे आहे हे कुणी न सांगता लक्षात ठेवणे आणि त्याची व्यवस्था करणे. बाळाला मोटरसायकलवरून सौंसरच्या दवाखान्यात नेणारे वडील पहिल्या पदरात येतात, परंतु नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस असते हे ज्यांच्या स्वतःच्या डोक्यात असते ते तिसऱ्या पदरात येतात, आणि पहिल्या प्रकारचे वडील गावात पुष्कळ दिसले तरी तिसऱ्या पदरातले क्वचितच भेटतात. कार्यक्रमाचे यश मोजायचे असेल तर ते या तिसऱ्या पदरावर मोजले पाहिजे, कारण आईचा खरा थकवा तिथेच साठलेला असतो.

वेळेची आकडेवारी हे अंतर स्पष्ट दाखवते. माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची नोंद करणाऱ्या पाहणीला ‘वेळ-वापर पाहणी’ म्हणतात. भारतात तिचा पहिला प्रयोग १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाला आणि त्यांत मध्य प्रदेश होते. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी २७.६ टक्के स्त्रियांनी त्या दिवशी घरातल्या कुणाची तरी देखभाल केली होती आणि त्यांनी त्यासाठी सरासरी १३४ मिनिटे दिली होती, तर पुरुषांत हे प्रमाण १४ टक्के आणि वेळ ७६ मिनिटे होता. २०२४ च्या पाहणीत पंधरा ते एकोणसाठ या वयोगटापुरते पाहिले तर ४१ टक्के स्त्रियांनी १४० मिनिटे आणि २१.४ टक्के पुरुषांनी ७४ मिनिटे देखभालीला दिली. दोन पाहण्यांतले वयोगट वेगळे असल्यामुळे हे आकडे एकाखाली एक मांडून वाढ-घट काढता येत नाही, पण दोन्हींत दिसणारी दरी मात्र सारखीच आहे. त्यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की देखभाल करणारा पुरुष एकदा त्या कामाला लागला की तासाभराहून अधिक वेळ देतो. दरीचा मोठा भाग त्या कामाला मुळीच हात न लावणाऱ्या पुरुषांमुळे तयार होतो, आणि म्हणून पहिले पाऊल उचलायला लावणे हेच कार्यक्रमाचे मुख्य काम ठरते.

हे पाऊल पांढुर्णा-सौंसरात कसे पडेल, हे समजायला या भूभागाची घडण ध्यानात घ्यावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्या जिल्ह्याचा हा दक्षिणेकडचा मराठी पट्टा ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा नावाचा स्वतंत्र जिल्हा झाला. कारभाराची भाषा हिंदी, घराची भाषा नागपुरी-वऱ्हाडी वळणाची मराठी, पीक संत्र्याचे आणि कापसाचे, मोठा बाजार आणि मोठा दवाखाना नागपूरचा, आणि सोयरीक काटोल, नरखेड, सावनेर, वरुड या सीमेपलीकडच्या तालुक्यांशी, अशी इथली रचना आहे. कापूस वेचणी हे मुख्यतः बायांचे काम आणि संत्र्याची तोड, पेट्या भरणे, गाडी लावणे हे मुख्यतः पुरुषांचे. याखेरीज बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात पाळीने काम करणारे आणि मजुरीसाठी रेल्वेने किंवा बसने नागपूरला जाणारे बाप वेगळेच. सकाळी अकरा वाजता अंगणवाडीत भरणारी बैठक यांपैकी कुणाच्याच दिवसात बसत नाही.

इथल्या मराठी घरात लहान बाळाशी पुरुषाचे नाते जोडणारे विधी नाहीत असे मुळीच नाही, फक्त त्या विधींतला पुरुष बहुधा बाप नसतो. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळाला पहिला घन आहार देण्याच्या उष्टावणाला खिरीचा पहिला घास मामाच्या हातून जातो, जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसते, कान टोचतानाही मांडी मामाचीच असते, आणि आकाशातल्या चंद्रालासुद्धा मराठी मूल मामा म्हणूनच ओळखते. मराठी संस्कृतीने पुरुषाच्या वात्सल्याला उघडपणे व्यक्त होण्याची जी जागा दिली ती आईच्या भावाला दिली. बापाच्या वाट्याला नाव, शिस्त आणि खर्च आला. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या लेकराला कडेवर घेणे पूर्वीच्या एकत्र कुटुंबात तरुण बापाला संकोचाचे वाटे, आणि त्या संकोचाचा अवशेष आजही अनेक घरांत टिकून आहे. पुरुषाला बाळ सांभाळता येत नाही, हा समज त्यामुळे स्वतःच्या रूढीनेच खोटा ठरतो, कारण तोच पुरुष बहिणीच्या बाळाला मांडीवर घेऊन न संकोचता बसतो. इथे कार्यक्रम आखणाऱ्याला पुरुषांना वात्सल्य नव्याने शिकवायचे नाही, तर मामा म्हणून जे येते ते बाप म्हणून करायला मोकळीक द्यायची आहे, आणि हे काम परक्या घोषणांपेक्षा कितीतरी सोपे आहे.

शरीरशास्त्रही याला दुजोरा देते. फिलिपीन्समधील सेबू इथे ६२४ तरुणांचा साडेचार वर्षे मागोवा घेणाऱ्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की बाप झाल्यावर पुरुषांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण ठळकपणे घटते, आणि जे दिवसाला तीन तास किंवा अधिक वेळ मुलाची देखभाल करतात त्यांच्यात ते सर्वांत कमी असते. म्हणजे संगोपनाला अनुकूल होण्याची क्षमता पुरुषाच्या देहातच आहे आणि ती सरावाने जागी होते. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा इथे सुरू झाली, आणि आई बरी नसेल तेव्हा वडिलांच्या छातीशीही बाळ तितकेच उबदार राहते, हे आता नवजात शिशुकक्षांतून शिकवले जाते. ज्या बापाने आपले दीड किलोचे बाळ तासन्‌तास छातीशी धरले आहे, त्याला पुढे लसीची तारीख आठवून द्यावी लागण्याची शक्यता कमी असते.

कार्यक्रम पोहोचवण्याचे साधन गावोगावी आधीच उभे आहे. १९४५ साली बोर्डीला काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली आणि ‘अंगणवाडी’ ही कल्पना व तिचे नाव मराठी मातीतून देशाला मिळाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ते नाव सर्वत्र नेले. मुलाने शाळेकडे येण्याची वाट न पाहता शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे, हे ताराबाईंचे सूत्र वडिलांच्या बाबतीत अजून फारसे कुणी लावून पाहिलेले नाही. ८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या पोषण अभियानात प्रत्येक अंगणवाडीने ठरावीक दिवशी समुदाय-कार्यक्रम घ्यावेत असे ठरले, आणि त्यांतला ‘सुपोषण दिवस’ खास पतींना माहिती देण्यासाठी राखला गेला. कागदावर हे फार महत्त्वाचे पाऊल आहे, कारण देशातल्या अंगणवाडीच्या दिनदर्शिकेत पुरुषाला नावानिशी बोलावणारा दिवस यामुळे आला. मध्य प्रदेशात मंगळवारी होणाऱ्या ‘मंगल दिवसां’तही गोदभराई, अन्नप्राशन, जन्मदिन असे सोहळे असतात. पण पांढुर्ण्याच्या घरात गोदभराईला ओटीभरण किंवा डोहाळजेवण म्हणतात आणि अन्नप्राशनाला उष्टावण. जो सोहळा स्वतःच्या नावाने हाक मारत नाही तो सरकारी वाटतो, आणि सरकारी वाटणाऱ्या कार्यक्रमाला बाप सही करायला येतो, बाळाला भरवायला येत नाही. उष्टावणाचा दिवस संध्याकाळी ठेवला, निमंत्रण मराठीत वडिलांच्या नावे पाठवले आणि मामाच्या पहिल्या घासानंतर दुसरा घास वडिलांनी भरवावा अशी रीत पाडली, तर मामाचा मान कायम राहतो आणि घट्ट शिजवलेली खिचडी बाळाला दिवसातून किती वेळा द्यायची हे वडिलांनाही हाताने कळते.

२०२४ साली महिला व बालविकास मंत्रालयाने जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ नावाचा आराखडा आणला, ज्यात छत्तीस महिन्यांत विभागलेल्या १४० कृती आहेत. बाळाशी बोलणे, लपाछपी, डबे वाजवणे, मातीत रेघा ओढणे अशा या कृतींना ‘प्रतिसादी संगोपन’ म्हणतात, म्हणजे बाळाच्या हुंकाराला, नजरेला मोठ्यांनी लगेच दाद देणे. त्याआधी विदर्भातच यवतमाळ जिल्ह्यात आणि मराठवाड्यात आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि अंगणवाडी यंत्रणेसह ‘आरंभ’ हा उपक्रम चालवला, आणि त्यातल्या ‘पालक मेळाव्यां’त वडील, आजोबा, काका यांनाही बोलावून बाळाचा मेंदू पहिल्या काही वर्षांत कसा वाढतो हे खेळांतून दाखवले गेले. यवतमाळच्या बापाला जी भाषा कळली ती सौंसरच्या बापाला कळणारच. राज्याची सीमा मध्ये असल्यामुळे ते साहित्य इकडे येऊ नये, याला भाषेचे कोणतेही कारण नाही. राज्यघटनेतील १९५६ च्याच दुरुस्तीने आलेले ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेची तरतूद करायला सांगते, आणि ज्या वयात भाषा घरातच घडते त्या वयाच्या पालक-शिक्षणाला तोच न्याय लावणे तर्काला धरून आहे.

पुरुषांशी बोलण्याचा अनुभव मराठी संस्थांकडे कमी नाही. १९९३ साली मुंबईत स्थापन झालेली ‘मावा’ ही संस्था पुरुषांबरोबर हिंसेविरोधी काम करत आली, आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात चाललेल्या ‘समजदार जोडीदार’ या उपक्रमाने गावातल्या पुरुषांच्या गटांना घरकाम, मुलींचे शिक्षण आणि संगोपन या विषयांवर एकत्र आणले. अशा कामाचा परिणाम टिकतो का, याचे सर्वांत भक्कम उत्तर रवांडामधून आले. तिथल्या ‘बांदेबेरेहो’ कार्यक्रमात तरुण बापांच्या लहान गटांची पंधरा सत्रे झाली, त्यांतल्या काही सत्रांना त्यांच्या बायकाही हजर होत्या. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची २१ महिन्यांनंतर तुलना केली तेव्हा कार्यक्रमात नसलेल्या गटातल्या ५७ टक्के स्त्रियांनी गेल्या वर्षात नवऱ्याकडून मार खाल्ल्याचे सांगितले, तर कार्यक्रमातल्या गटात हे प्रमाण ३३ टक्के होते, आणि बापांचा घरकाम व देखभालीचा वेळही वाढला होता. बाळाला अंघोळ घालायला शिकवणारे सत्र बायकोवरचा हातही थांबवते, हे इथे दिसले. आणि तेहेतीस हा आकडाही किती मोठा आहे, हे विसरता येत नाही.

शिकवून आणि बोलावून झाल्यावर वेळेचा प्रश्न उरतो, आणि इथे कायदा फार मागे आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असताना पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते, म्हणून पांढुर्ण्याच्या टपाल कार्यालयातल्या बापाला ती मिळेल, पण संत्र्याच्या बागेत रोजाने जाणाऱ्या किंवा बोरगावला पाळीत उभ्या राहणाऱ्या बापाला असा कोणताही कायदेशीर हक्क नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने आईची रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक केले. मात्र दिवसातून चार वेळा त्या पाळणाघरात जाण्याची मुभा दिली ती फक्त आईला. त्याच वर्षी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभ विधेयक मांडले, ज्यात असंघटित क्षेत्रासह सर्व कामगार बापांना पंधरा दिवसांची आणि तीन महिन्यांपर्यंत वाढवता येईल अशी रजा सुचवली होती. ते खासगी विधेयक होते, म्हणजे सरकारने नव्हे तर एका सदस्याने मांडलेले, आणि त्याचा कायदा झाला नाही; मराठी मुलखातून संसदेत गेलेला तो एक दूरदर्शी प्रस्ताव होता आणि तो पुन्हा उचलला गेला पाहिजे. स्वीडनने १९७४ मध्येच बापांना पालकत्व रजा दिली, पण बापांनी ती फारशी घेतली नाही. १९९५ मध्ये एक महिना फक्त दुसऱ्या पालकासाठी राखून ठेवला, न घेतल्यास तो वाया जाईल अशी अट घातली, तेव्हा बापांचे प्रमाण वाढू लागले. हक्क देऊन ठेवणे आणि तो वापरण्याची रीत पाडणे यांत जे अंतर आहे ते तिथे असे भरून काढले गेले.

शाळेच्या पातळीवर चित्र उलटे होते. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले आहे, त्यामुळे वडिलांना तिथे जागा आहे, पण ती इमारत, धान्य आणि निधी यांवर देखरेखीची जागा आहे. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदाही बापाला नैसर्गिक पालक मानून अधिकार देतो आणि देखभालीबद्दल फारसे बोलत नाही. अधिकाराच्या जागी बाप आणि देखभालीच्या जागी आई, ही वाटणी घरातल्याइतकीच कायद्याच्या पुस्तकातही रुजलेली आहे.

या मुलखात बापाने मुलाबरोबर उघडपणे मिरवावे असा एक दिवस मात्र आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो, लाकडी बैल सजवून मुले घरोघर जातात आणि बापमाणसे कौतुकाने बरोबर चालतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते, दगड चालतात आणि दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. परंपरा म्हणून तिच्याशी लोकांची श्रद्धा जोडलेली आहे आणि ती श्रद्धा हिणवण्याचे कारण नाही, परंतु काठावर उभे असलेले मूल त्या दिवशी पुरुषपणाचा जो अर्थ शिकते तो लाकडी बैलाच्या दोरीमागे चालणाऱ्या बापाकडून शिकलेल्या अर्थाहून फार वेगळा असतो. अंगणवाडीने आपला वडिलांचा दिवस तान्ह्या पोळ्याशी जोडला तर त्याला वेगळी प्रसिद्धी करावी लागणार नाही.

सर्वांत मोलाची संधी मात्र वर्षातल्या कोणत्याही सणाशी बांधलेली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रीला शिकवून नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगासमोर मांडले. त्याच पद्धतीवर पुढे देशभर आशा कार्यकर्तीच्या घरभेटी सुरू झाल्या, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. पण इथे पहिले बाळंतपण माहेरी होते. त्या सहाही भेटी नरखेडला किंवा वरुडला, आजीच्या आणि मामाच्या घरात होतात, आणि बाप सीमेच्या या बाजूला संत्र्याच्या बागेत असतो. सव्वा महिना उलटून, कधी तीन महिने झाल्यावर बाळंतीण सासरी येते तेव्हा भेटींची ती मालिका संपलेली असते आणि बाळाविषयी शिकवण्यासारखे सगळे काही बाप सोडून इतर सर्वांना शिकवून झालेले असते. २०१८ पासून टप्प्याटप्प्याने विस्तारलेल्या पुढच्या कार्यक्रमात मात्र तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरभेट आहे. यांतली तिसऱ्या महिन्याची भेट बहुतेक वेळा सासरच्या घरातली पहिलीच भेट ठरते. ती संध्याकाळी, बाप बागेतून किंवा पाळीवरून परतल्यावर ठेवावी, माहेरच्या आशाताईने महाराष्ट्राच्या कार्डावर लिहिलेल्या नोंदी त्याच्यासमोर मराठीत वाचून दाखवाव्यात, पुढची लस कोणत्या तारखेला आहे हे त्याच्याच हाताने त्या कार्डावर लिहून घ्यावे, आणि तोवर बाळ त्याच्या मांडीवर असावे.